एका चिमनीभर कोळशात सगळ्या घराचं जेवण

उन्हाळा लागला की इकडे न्यू जर्सीत आमच्या मित्रमंडळींच्या गप्पांत फिरून फिरून तेच प्रश्न निघतात. चिकन बाहेरून काळंकुट्ट आणि आतून हाडापाशी लाल राहतंय, पनीर जाळीला चिकटून बसतंय, सासूबाईंना नॉनव्हेज चालत नाही मग त्यांनी काय नुसती कोशिंबीर आणि ब्रेड खायचा का, पोरांना साडेसहाला भूक लागते आणि ग्रिलवरचं पहिलं काही ताटात पडायला आठ वाजतात. मसाला कितीही भारी असू दे, हे सगळं सुटतं ते विस्तव सांभाळता आला की. कोळसा पेटल्यापासून विझेपर्यंत त्याची धग बदलत जाते, तर कुठल्या धगीला काय टाकायचं हे एकदा हातात बसलं की एकाच चिमनीभर कोळशात (चिमनी म्हणजे कोळसा पेटवायचा उभा पत्र्याचा डबा) आणि नंतर वर टाकलेल्या थोड्या कोळशात व्हेज, नॉनव्हेज, पोरांचं, आजी-आजोबांचं सगळं होतं आणि सगळे एकत्र जेवायला बसतात. तोच क्रम इथे नीट लिहितेय.

आधी ग्रिलबद्दल. आमच्याकडे २२ इंची गोल केटल आहे, कोळशाची, वेबरची, आणि नवीन घेणाऱ्याला मी तीच सांगते कारण झाकण नीट बसतं आणि खाली-वर हवेची भोकं आहेत. १९५२ साली शिकागोत जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने ही केली, तो ज्या धातूच्या कारखान्यात होता तिथे पाण्यात खुणेसाठी तरंगत ठेवतात ते गोल बोये बनायचे, उघड्या ग्रिलवर वाऱ्याने स्वयंपाकाची वाट लागते म्हणून त्याने तसलाच गोळा अर्धा कापून खाली भांडं आणि वर झाकण केलं. म्हणजे या वस्तूचा जन्मच झाकणासाठी आहे, तरी आपल्यातले कितीतरी जण झाकण बाजूला गवतावर ठेवून देतात आणि शेगडीसारखी वापरतात. शेगडीसारखी वापरायची वेळही असते, पुढे सांगते, पण चिकनच्या वेळी झाकण पाहिजेच. गॅसचा ग्रिल असेल तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडतं, एका बाजूचे बर्नर चालू आणि दुसऱ्या बाजूचे बंद ठेवायचे, फक्त धुराची चव कमी येईल आणि निखाऱ्यावरच्या गोष्टी जमणार नाहीत.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आधी नियम बघा, बाल्कनीत कोळसा किंवा प्रोपेन बऱ्याच ठिकाणी चालत नाही आणि ते बरोबरच आहे. घर असेल तरी ग्रिल भिंतीपासून, डेकच्या कठड्यापासून दहा फूट तरी लांब असावा. आणि पाऊस आला म्हणून पेटलेला ग्रिल गराजमध्ये ओढायचा नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, कळतसुद्धा नाही.

आता पेटवणं. लायटर फ्लुइड अजिबात नको, त्याचा वास पनीरला, कणसाला सगळ्याला लागतो. चिमनी स्टार्टर घ्या, उभा पत्र्याचा डबा असतो मुठीचा, खाली दोन वर्तमानपत्राचे कागद सैल चुरगळून, वर काठोकाठ कोळसा, आणि कागद पेटवून सोडून द्यायचं. कागदावर थोडं तेल शिंपडलं तर तो जास्त वेळ जळतो. वीस मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडा राखाडी दिसायला लागतात आणि फटींतून आत लालबुंद दिसतं, तेव्हा ओतायचे. पाहुणे साडेसहाला जेवायला बसणार असतील तर चिमनी पावणेपाचला पेटलीच पाहिजे, हे वेळेचं गणित मी जास्त जोर देऊन सांगते कारण बहुतेक घरी चिडचिड याच्यामुळे होते, पाहुणे आल्यावर कोळसा पेटवायला घेतात आणि मग धूर, भूक, रडणारी पोरं सगळं एकदम.

ओतताना सगळा कोळसा ग्रिलच्या अर्ध्या भागात एका बाजूला, दुसरा अर्धा मोकळा. हे सगळ्यात महत्त्वाचं. जिथे निखारे आहेत तिथे कडक आच, जिथे नाहीत तिथे झाकण लावलं की ओव्हनसारखी शांत आच. काही पेटलं, भडकलं, जास्त होतंय असं वाटलं की उचलून मोकळ्या बाजूला न्यायचं. पसरून सगळीकडे सारखा कोळसा टाकला की पळायला जागाच राहत नाही. खालचं हवेचं भोक सुरुवातीला पूर्ण उघडं. झाकण लावाल तेव्हा झाकणावरचं भोक मोकळ्या बाजूवर येईल असं फिरवा, मग निखाऱ्यांचा धूर पदार्थावरून जाऊन बाहेर पडतो.

कोळसा दोन प्रकारचा मिळतो, ब्रिकेट आणि लंप. ब्रिकेट सारख्या आकाराचे, धग सारखी आणि जास्त वेळ टिकते, राख जास्त होते. लंप म्हणजे आपला नेहमीचा लाकडाचा ओबडधोबड कोळसा, लवकर पेटतो, जास्त तापतो, लवकर संपतो. मी खाली ब्रिकेट भरते आणि वर दोन-तीन मुठी लंप, कारण वांगं थेट निखाऱ्यावर ठेवायला मला लंपच बरा वाटतो.

आणि वांगं सगळ्यात आधी. कोळसा ओतला, जाळी अजून लावायची आहे, तेव्हाच निखाऱ्यांच्या कडेला टेकवून मोठी वांगी ठेवायची. वांग्याला तेलाचा हात फिरवा, सुरीने तीन-चार ठिकाणी चिरा द्या नाहीतर वाफ कोंडून फुटतं, चिरांत लसणाच्या पाकळ्या खुपसा. घेताना आकाराच्या मानाने हलकं आणि चकचकीत बघून घ्या. रताळी असतील तर फॉइलमध्ये गुंडाळून मोकळ्या बाजूला तळाशी आत्ताच सरकवून द्या, त्यांना तास लागतोच, सगळं होईपर्यंत ती आपोआप होतात आणि पोरं लोणी लावून खातात. मग वर जाळी. वांगं दर पाच-सात मिनिटांनी लांब चिमट्याने फिरवायचं, केटलच्या काही जाळ्यांना दोन्ही कडांना उघडणारे कप्पे असतात, तसली असेल तर निखारे त्या कप्प्याखाली ओता म्हणजे वांगं तिथूनच फिरवता येतं, नसेल तर जाळी क्षणभर उचला. साल सगळीकडून काळी होऊन सुटी दिसायला लागते, आणि देठापाशी दाबलं की चिमटा आत जातो. देठाजवळ टणक लागलं तर अजून झालं नाही, बाकीचं कितीही मऊ असू दे. वीस-पंचवीस मिनिटं धरा.

जळगावकडे भरताची वांगी पऱ्हाटीवर नाहीतर तुराट्यांवर भाजतात, म्हणजे कपाशीच्या, तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर, आणि मग लाकडी बडगीत ठेचतात, ती हिरवट मोठी वांगी इकडे मिळत नाहीत. इथली जांभळी वांगी पाणचट निघतात म्हणून भाजल्यावर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग साल काढा, धुवू मात्र नका, सगळा धुराचा वास पाण्याबरोबर जातो. हिरव्या मिरच्या आणि लसूण जाळीवरच भाजून ठेचायचे, तेलात शेंगदाणे, पातीचा कांदा परतून त्यात हे सगळं, वरून भरपूर कोथिंबीर. सासूबाईंच्या ताटात हे आलं की त्यांचं जेवण दुय्यम राहत नाही, उलट नॉनव्हेजवाले पण आधी त्याच वाटीकडे वळतात.

वांगं खाली भाजतंय तेव्हा वर जाळीवर बाकीचं व्हेज, कारण आत्ता आच सगळ्यात कडक आहे, हात जाळीच्या वर चार-पाच इंच धरला तर दोन-तीन सेकंदांत काढावा लागतो. झाकण नको, हीच ती शेगडीसारखी वापरायची वेळ. जाळीबद्दल एक सांगते, घरात कडक शाकाहारी कुणी असेल तर वेगळी जाळी आणि वेगळा चिमटा घ्या, सुटी जाळी फार महाग नसते, आणि आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांना विचारायला न लावता आपणच त्यांच्यासमोर व्हेजची जाळी चढवावी, त्यांना किती बरं वाटतं ते चेहऱ्यावर दिसतं. व्हेज सगळं उतरलं की मग जाळी बदलून नॉनव्हेज. एकच जाळी असेल तरी क्रम हाच.

पनीर चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा जाळी पुरेशी तापलेली नसते किंवा आपण घाईने उलटतो. जाळी पाच मिनिटं रिकामी तापू द्या, तेल पनीरला लावा, आणि टाकल्यावर दोन मिनिटं हात लावू नका, खरपूस झालं की आपोआप सुटतं. जाड तुकडे करा, दीड इंची. सळ्या चपट्या घ्या, गोल सळईवर पनीर जागच्या जागी गरगर फिरतं आणि एकच बाजू भाजली जाते. मॅरिनेडमध्ये दही नको, चक्का किंवा ग्रीक योगर्ट, आणि एक-दोन चमचे भाजलेलं बेसन घाला म्हणजे मसाला धरून राहतो. सिमला मिरची आणि कांदा पनीरच्याच सळईत ओवायची सगळ्यांना सवय आहे पण त्यांना शिजायला वेगळा वेळ लागतो, मी वेगळ्या सळईत ओवते.

कणसं जुलै-ऑगस्टमध्ये इथली शेतावरची मिळतात ती घ्या. हा स्वीट कॉर्न आहे, आपल्या देशी मक्यासारखा टणक नाही, म्हणून गाड्यावरच्या कणसासारखं बराच वेळ भाजत बसलात तर दाणे सुरकुततात. सोलून थेट जाळीवर, फिरवत फिरवत आठ-दहा मिनिटं, काही दाणे काळे झाले की बस, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून वरून घासा. पोरांना ही पहिली वाढी सहा वाजता द्या, म्हणजे मोठ्यांचं होईपर्यंत ती शांत राहतात. लादीपाव असेल तर लोणी लावून तीस-चाळीस सेकंद उपडा, तिथून हलू नका, पाव बघता बघता करपतो.

आता चिकन. मी ब्रेस्ट आणतच नाही, हाडासकट थाइज आणि ड्रमस्टिक्स. तीन पाऊंडाला असं करा, खोल चिरा मारून आधी पाऊंडाला पाऊण छोटा चमचा बारीक मीठ, हळद, आलं-लसूण पेस्ट दोन मोठे चमचे चोळून अर्धा तास ठेवा, मग एक कप चक्का, दोन मोठे चमचे मालवणी मसाला किंवा कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, तीन चमचे तेल. कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतं, तो घालणार असाल तर वरचं मीठ थोडं कमी करा. लिंबू आत्ता नाही, वाढताना. लिंबू घालून रात्रभर ठेवलं की बाहेरचा थर पिठूळ होतो. चार तास भरपूर झाले, रात्रभर ठेवलं तरी चालतं, फ्रिजमध्येच. तेल टाळू नका, त्यानेच मसाला जाळीवर न करपता खरपूस होतो.

व्हेज उतरलं की निखारे थोडे बसलेले असतात, त्यांच्यावर बारा-पंधरा न पेटलेले ब्रिकेट टाका, ते हळूहळू पेट घेतील. धुराची चव हवी असेल तर मुठीएवढा सफरचंदाच्या नाहीतर चेरीच्या लाकडाचा एक तुकडा, हिकरी थोडी उग्र, आणि मेस्क्विट आपल्या मसाल्याबरोबर मला कडवट लागतो. जास्तीचा मसाला पुसून चिकन मोकळ्या बाजूला मांडा, जाड तुकडे निखाऱ्यांच्या जवळ, झाकण बंद, खालचं भोक अर्धं. आणि मग वीस मिनिटं उघडायचं नाही. दर दोन मिनिटांनी झाकण उचलून बघणारे काका प्रत्येक पार्टीत असतात, त्यांच्या हातात काहीतरी प्यायला द्या आणि लांब बसवा, कारण झाकण उघडलं की आतली धग जाते आणि हवा मिळून निखारे भडकतात, दोन्हीकडून नुकसान. वीस मिनिटांनी एकदा उलटा, परत झाकण. एकूण चाळीस मिनिटांच्या आसपास.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका, मसाल्यात लाल तिखट आहे, रंग काय कळणार. वीस डॉलरच्या आत डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो मांसात जाड जागी, हाडाला न टेकवता खुपसायचा. चिकनसाठी सुरक्षित आकडा १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, पण तंगडी आणि थाय मी १७५ ते १८५ पर्यंत नेते, तिथे आतल्या शिरा, चिवटपणा विरघळतो आणि मांस हाडावरून सुटतं. ब्रेस्ट तेवढं नेलं तर कोरडं ठक्क होईल, तिथे १६५ लाच थांबा. पोरांसाठी बर्गर करत असाल तर बीफ-मटणाच्या खिम्याचा आकडा १६०, चिकनच्या खिम्याचा १६५. चिकन आकड्याला पोचलं की शेवटी एक-दोन मिनिटं निखाऱ्यांच्या वर, झाकण उघडं, चरचर ऐकू येते, कडा काळपट होतात, की उचला. बार्बेक्यू सॉस लावायचाच असेल तर शेवटच्या पाच-सात मिनिटांत, आधी लावला की त्यातली साखर जळते. चरबी गळून जाळ उठला तर पाणी मारू नका, राख उडून सगळी चिकनवर बसते, तुकडे बाजूला घ्या आणि झाकण लावा.

माशाचं थोडक्यात सांगते, अख्खा ब्रॅन्झिनो किंवा रेड स्नॅपर घ्या, आगळ-मीठ-हळद-तिखट लावा, आणि बिजागरीवाल्या माशाच्या जाळीत अडकवून कडक आचेवर, उलटायची भीतीच राहत नाही. फक्त मासा सगळ्यात शेवटी, त्याचा वास मागे राहतो.

कामाची वाटणी आधीच करून ठेवा. आमच्याकडे नवरा चिमनी आणि राख बघतो, जाळीपाशी मी, मोठी मुलगी टेबल आणि लिंबं, आणि सासरे खुर्ची टाकून वांग्यावर लक्ष ठेवतात, त्यांना ते आवडतं, त्यांच्या गप्पा पण तिथेच रंगतात. पाहुण्यांनी काय आणू विचारलं की कोशिंबीर, ताक, बर्फ आणायला सांगा, अजून एक मॅरिनेट केलेलं काही नको, जाळीवर जागा नसते. कच्च्या चिकनचा ट्रे आणि शिजलेलं घ्यायचा ट्रे वेगवेगळा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू दे. श्रावण नेमका भर ग्रिलिंगच्या मोसमात येतो, तर महिनाभर ग्रिल झाकून ठेवायची काही गरज नाही, वांगं, कणीस, पनीर, भरली सिमला मिरची यावर झकास पार्टी होते, रताळी तर उपासालाही चालतात.

सगळे जेवायला बसले की निखारे अजून तासभर तरी जिवंत असतात आणि बहुतेक लोक ते तसेच विझू देतात. मी तेव्हा चार-पाच कांदे सालासकट राखेत पुरते आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चिमट्यात धरून भाजते. खोबऱ्याला तेलामुळे एकदम जाळ लागतो, घाबरू नका, फुंकून विझवा आणि परत धरा, कडा काळ्या आणि आतून तांबूस झालं की पुरे. कांदा वीस मिनिटांत आत लोण्यासारखा होतो, करपलेलं साल काढून खोबरं, कांदा, लसूण थोड्या पाण्यात वाटायचं आणि छोट्या झिपलॉकमध्ये चपटं करून फ्रीझरला. ओव्हनमध्ये भाजलेल्या वाटणाला ही चव येत नाही. बुधवारी ऑफिसातून दमून आल्यावर मटणाचा नाहीतर अंड्याचा रस्सा यातल्या एका पाकिटावर अर्ध्या तासात होतो.

जाळी गरम आहे तोवर फॉइलचा बोळा चिमट्यात धरून घासा, मग अर्धा कांदा फिरवा. तारेचा ब्रश मी वापरत नाही, त्याची बारीक तार तुटून जाळीला चिकटते आणि पोटात जायची भीती असते. शेवटी झाकण लावून वरचं-खालचं दोन्ही भोकं बंद, हवा तुटली की कोळसे विझतात आणि अर्धे शिल्लक राहतात, पुढच्या वेळी राख झटकून नव्यांत मिसळून वापरता येतात. राख मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, वरून थंड वाटली तरी आत ठिणगी असते. दोन दिवस जाऊ द्या, मग झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत.